मुका खांब

मी खांबाला पाठ टेकून बसले आणि देवळातली कुजबूज एकदम थांबली.

दुपारचे साडेतीन झाले असतील. मार्गशीर्षातलं मऊ ऊन दत्ताच्या सभामंडपात तिरपं शिरलं होतं. बायका झाडलोट आटोपून जाजमं अंथरत होत्या, थट्टामस्करी चालली होती. मी आत आले, गाभाऱ्याकडे बघून हात जोडले आणि डावीकडच्या दुसऱ्या खांबाशी जागा धरली. एवढंच. पण दिव्याची वात कुणी खाली करावी तसे सगळ्यांचे आवाज उतरले. जाजमाचं टोक हातात धरलेली एक म्हातारी तशीच वाकून माझ्याकडे बघत राहिली.

त्या सगळ्यांत माझ्या ओळखीच्या म्हणजे एकट्या कौतिकाकाकू. त्यांच्या घराला लागूनच आमचं घर होतं. मी विचारलं, "काकू, इथं बसले तर चालेल ना?"

"चालते नं वो डाक्टरीनबाई. बसा, बसा. देवाच्या घरी कोनाले मनाई हाये?"

म्हणाल्या खऱ्या, पण हातातला फडा तिथंच टाकून बाजूच्या दारानं लगबगीनं बाहेर पडल्या. बाकीच्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझ्या मनात आलं, झालं! इथंही आपलं काहीतरी चुकलं.

या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मालवणच्या खालच्या अंगाला, समुद्राची गाज ऐकत वाढलेली मुलगी. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच ह्यांची बदली झाली ती थेट वऱ्हाडात, करंजखेडला. गुरांच्या दवाखान्यात हे कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे; उरलेले सहा दिवस गावाचे डॉक्टर म्हणजे हेच. म्हणून मी डाक्टरीनबाई. दोन महिने झाले, तरी माझं खरं नाव गावात कुणी विचारलं नव्हतं.

आणि सगळंच वेगळं हो! पायाला लागली की चप्पल काढून घेणारी ती काळी माती. दुकानातला नारळ फोडावा तर आत खवट खोबरं. भात सणासुदीला; रोजची ज्वारीची भाकरी, आणि ती माझ्या हाताला काही येईना. पहिल्यांदा थापली तेव्हा कौतिकाकाकू चुलीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाप्पा! हे भाकर होय का जिल्ह्याचा नकाशा?" आणि पोट धरून हसल्या. मग माझ्या हातातून परात ओढून घेऊन चार भाकऱ्या पटापट थापून दिल्या. पण माझ्या लक्षात राहिलं ते हसणं.

ह्यांना कळत होतं. एका संध्याकाळी एक छापील कागद घेऊन आले.

"प्रभा, ह्यो बदलीचो फॉर्म. आपल्या बाजूचो एक हेडक्लार्क आसा जिल्ह्याक. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ह्यो थंय पोचलो तर मे म्हयन्यात आपण घराक."

"तुमका जावचा आसा?"

"माका हयसर बरा वाटता. ढोरां गुणी, माणसांय गुणी. पण तुझो जीव नाय रमणा, ता काय दिसणा नाय माका? तू सांगशीत तसा."

मी म्हटलं, सांगते. सप्ताह होऊन जाऊ दे.

कारण गावात दत्तजयंतीचा सप्ताह बसत होता आणि सातही दिवस दुपारी कीर्तन होतं. कीर्तन म्हटलं की माझा जीव हलका होतो, तो अगदी परकरी वयापासून. आमचे बाबा गावच्या देवळात झांज वाजवायचे. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून, खांबाला टेकून बसायची. त्यांचा एकच दंडक. "बुवा उभे रवले की मांजरानसुद्धा म्याव करूचा नाय. तोंड उघडूचा ता नामाक. नायतर बुवांचो धागो तुटता." एकदा मी शेजारणीच्या कानात काही कुजबुजले, तर मांडीला असा चिमटा बसला की आठ दिवस निळं होतं. तेव्हापासून कीर्तनात मी दगड. नुसते डोळे आणि कान.

मला वाटलं होतं, माती वेगळी, पाणी वेगळं, पण कीर्तन तरी सगळीकडे एकच असेल.

तर त्या पहिल्या दिवशी आसेगावकर बुवा उभे राहिले. साठीचे, उंच, लाल पगडी, खांद्यावर उपरणं. नमन झालं, पूर्वरंग झाला. आवाज असा की चिपळ्या वाजल्या नसत्या तरी चाललं असतं. मी सुखावले. बुक्का लागला, गळ्यात हार पडला आणि बुवा उत्तररंगात कथेकडे वळले.

"राजा वनात एकटाच निघाला," बुवा म्हणाले. "दिवस कलला. पुढं पाहतो तर काय, वाट दुभंगलेली…"

आणि थांबले.

चिपळ्यांचा हात हवेत. पेटीवाल्यानं एकच सूर धरून ठेवलेला. बुवा माझ्याकडे बघत होते. त्यांच्याबरोबर सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली. बुवा किंचित हसले आणि पुढं सरकले. घटकाभरानं पुन्हा तेच. कथा रंगात यायची, बुवा थांबायचे, माझ्या खांबाकडे बघायचे. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. आमच्याकडे बुवा असे मध्येच थांबले म्हणजे कुणीतरी आगळीक केली असं समजायचं. मी काय केलं होतं? श्वाससुद्धा जपून घेत होते.

दुसऱ्या दिवशी गेले, तर खांबाच्या पायथ्याशी एक गोधडी चौपदरी घडी करून ठेवलेली. लाल-निळ्या तुकड्यांची, धुतलेली, उन्हाचा वास येणारी. म्हटलं, कुणीतरी जागा राखून ठेवलीय. काल आपण कुणा मानाच्या बाईच्या जागेवर बसलो, म्हणून हे सगळं! मी निमूट मागे जाऊन पाण्याच्या माठांशी बसले. पण गोधडीवर शेवटपर्यंत कुणीच बसलं नाही. आणि बुवा त्या रिकाम्या गोधडीकडे बघूनही थांबतच होते.

तिसऱ्या दिवशी कौतिकाकाकूंनी माझं मनगटच धरलं. "तठी काहून बसले वो माठापाशी? तुमची जागा तिकडं हाये." सगळ्यांदेखत ओढत नेलं मला.

मी गोधडी बाजूला सारून जमिनीवर बसू लागले.

"अव माय, गोधडीवर बसा नं!"

"कुणाची आहे?"

"हाये एका मानसाची," काकू म्हणाल्या, आणि मागच्या दोघीतिघी पदरात तोंड खुपसून खुसखुसल्या.

मी गोधडीवर बसले नाहीच. शेजारी बसले, अंग चोरून. मला वाटलं, बाहेरून आलेल्या माणसाला असं मधोमध बसवून सगळ्यांनी बघायचं, ही इथली काही गंमत असावी. बोहल्यावरच्या नवरीकडेसुद्धा कुणी इतकं बघत नाही.

पाचव्या दिवशी कडेलोट झाला. कथा मोठी गोड चालली होती. बुवा थांबले, ते थांबलेच. मी बोटांनी पदराचं टोक पिळत होते. मग बुवा त्या खांबाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "गोष्ट अडली की हो, बाई!"

मागून एक पुरुषी आवाज आला, "बुवा, दम धरा जरासा!" आणि मंडपभर हसण्याची लाट गेली.

माझे कान तापले. डोळ्यांपुढचं दिसेना. मी उठले आणि बाजूच्या दारानं सरळ घरी आले. आरतीआधी कीर्तनातून उठण्याची माझ्या जन्मातली ती पहिली आणि शेवटची वेळ.

"भरा तो फॉर्म," मी ह्यांना सांगितलं.

"काय झाला गो?"

"बुवा कीर्तन थांबवन माझ्याकडे बघतत. लोक हसतत. माका हयसर ऱ्हवचा नाय."

ह्यांनी कंदील जवळ ओढला आणि एकेक रकाना भरत गेले. भरून झाल्यावर कागद देवाच्या कोनाड्यात, कुंकवाच्या डबीखाली ठेवला.

सहाव्या दिवशी मी गेलेच नाही. दिवस मावळताना कौतिकाकाकू दारात उभ्या.

"आज आले नाई?"

"डोकं दुखतंय."

त्या आत आल्या, न विचारता सहाण घेतली, कनवटीचा सुंठेचा तुकडा उगाळला आणि माझ्या कपाळाला लेप लावला. बोटं खरखरीत, पण हलकी. जाताना म्हणाल्या, "उद्या येजा बरं. दत्ताचा जलम हाये. एका म्हाताऱ्या मानसानं निरोप धाडला हाये."

"कुणी?"

"येजा त सही. मंग सांगतो."

निरोपासाठी मी गेले नाही. पण सप्ताहाचं शेवटचं कीर्तन, त्यातून जन्माचं, ते चुकवलं असतं तर बाबांना काय तोंड दाखवलं असतं? आणि आता भीती तरी कसली! फॉर्म भरलेला होता. मे महिन्यानंतर यातलं एकही तोंड पुन्हा दिसायचं नव्हतं. मी सरळ खांबाशी गेले आणि त्या गोधडीवर ऐसपैस बसले.

बुवांनी अनसूयेचं आख्यान लावलं होतं. माझं लाडकं आख्यान. बाबा मला तापात थोपटताना हेच सांगायचे. मी डोळे मिटले.

"तीन परके," बुवा हळू आवाजात सांगत होते. "ना ओळख ना देख. भर दुपारी अंगणात येऊन उभे. म्हणतात, माय, भूक लागलीय. पण वाढायचं ते आमच्या अटीवर. वस्त्र बाजूला ठेवून वाढशील तर जेवू, नाहीतर उपाशी परत जातो. आता काय करावं त्या माउलीनं? अतिथी उपाशी गेला तर घराचं पुण्य गेलं. अट पाळावी तर शील गेलं. आत ताट वाढलेलं आहे. दारात तिघं उभे आहेत. आणि अनसूया… मधल्या उंबऱ्यावर…"

बुवा थांबले.

मी करंजखेडात नव्हतेच. मी आमच्या देवळात होते. बाबांची झांज थांबली होती, बाहेर माडांत वारा होता आणि ती माउली उंबऱ्यावर तशीच उभी होती, ना आत ना बाहेर. तिचं पुढं काय होतं ते मला हजार वेळा ठाऊक होतं. तरी राहवेना. पोटातून ओढ आली आणि तोंडातून निघून गेलं,

"मगे?"

चांगलं खणखणीत. सगळ्या शांत मंडपात.

मी डोळे उघडले आणि तोंडावर हात दाबला. बाबांचा चिमटा मांडीला आधीच जाणवला.

आणि मंडपानं श्वास सोडला. खरंच सांगते, पाचसहाशे माणसांचा तो एकच सुस्कारा मी कानांनी ऐकला. बुवांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ते लगेच पुढं गेले नाहीत. चिपळ्या कपाळाला लावल्या आणि खांबाच्या दिशेनं मान लववली.

"मगे!" ते म्हणाले. माझाच शब्द, माझ्याच हेलात. "मगे, ऐक माय! अनसूयेनं कमंडलूतलं पाणी घेतलं…"

पुढच्या वळणावर बुवा पुन्हा थांबले. आता थोडंसं उमगलं होतं. मी भीत भीत म्हटलं, "हं." आणि कथा सुसाट निघाली. तिसऱ्यांदा भीती उरली नाही. चौथ्यांदा बुवा थांबायच्या आतच माझा हुंकार गेला आणि ते हसले. बुवा गोष्ट टाकत होते, मी झेलत होते. आयुष्यभर कीर्तन माझ्या अंगावर पडत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या दोराचं एक टोक माझ्या हातात होतं. ते तीन परके त्या घरची लेकरं झाली, अनसूयेनं त्यांना मांडीवर घेतलं, तेव्हा माझा "हं" ओला झाला होता.

सूर्य बुडताना जन्म झाला. गुलाल उधळला, पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. माझ्या तोंडात सुंठवडा तसाच असताना काकूंनी हात धरला. "चला. आता चला."

बाजूच्या दारानं दहा पावलं. देवळाच्या भिंतीला लागूनच एक मातीचं घर. आत खाट, आणि खाटेच्या उशाशी भिंतीत एक झरोका. त्यातून थेट मंडपातले दिवे दिसत होते.

"कोन? मगेवाली का?" खाटेवरून आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"तेच होय, पर्वतामाय," काकू म्हणाल्या.

"ये माय. अठी बस." म्हातारीनं हात लांब केला, माझ्या तोंडावरून फिरवला. "नाव काय तुह्यं?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

"प्रभावती."

"प्रभावती. आयक. दोन सालं झाले, खांब मुका व्हता. तीस सालं तठून म्या हुंकार देल्ला. माह्या आंधी माह्या सासूनं देल्ला. कंबर मोडली अन् मी या खाटेवर पडली. गावातली एक बाई त्या खांबापाशी बसली नाई. मी म्हनो, बसा वो कोनी, कीर्तन अर्धं होऊन राह्यलं! त म्हने, थे पर्वतामायची जागा होय. अन् त्या दिवशी हे कौतिका पयत आली. म्हने, माय, कोकनवाली बसली! कोनी न सांगता बसली!"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" माझा आवाज चढलाच. "मी वेड्यासारखी मान खाली घालून… सगळे हसत होते मला!"

"म्याच नाई म्हनलं. हुंकार सांगून देतेत का? सांगून देल्ला त थो पोपटाचा. ज्याले गोष्ट लागली, त्याच्याच तोंडातून निंगते. म्या गोधडी धाडली. तेवढंच माह्या हातचं."

"अन् हसत कोन व्हतं?" काकू म्हणाल्या. "आमी त पैजा लावल्या व्हत्या वो, आज देते का उद्या देते! बुवानं परवा घाई केली, त त्याइलेबी म्हातारीनं बोलावून दटावलं. अन् काल तुमी आले नाई, त जेवली नाई हे. ताट तसंच झाकून ठेवलं."

मी खाली बघत राहिले. खाटेवरच्या पांघरुणाला तेच लाल-निळे तुकडे होते.

"आमचे बाबा म्हणायचे," मी कसंबसं म्हटलं, "कीर्तनात तोंड उघडू नये."

"बाप बराबर व्हता तुहा. थो तिकडचा. अठी कीर्तन दोघाइचं असते, माय." तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "थे 'मगे' काय होय, मले समजलं नाई. पन उंबऱ्यावरची बाई पुढं सरकली बाप्पा!"

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. कोनाड्यातला कागद काढून लिफाफ्यात घालत होते.

"सकाळच्या गाडीन धाडतंय हां."

मी देवापुढं दिवा लावला. थोडा वेळ वात सारखी करत राहिले.

"अवो, पुढचो सप्ताह कधी?"

"आता? पुढच्या मार्गशीर्षात."

"मगे ऱ्हवांदे," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लिफाफा घडी करून पिठाच्या डुगडुगणाऱ्या डब्याखाली सारला. डबा तेव्हापासून डुगडुगायचा थांबला.

पर्वतामाय त्यानंतर तीन मार्गशीर्ष होती. दर सप्ताहाला त्या झरोक्यातून तिचे डोळे लुकलुकायचे. भाकरी मला पुढं गोल जमू लागली, पण कौतिकाकाकू मरेपर्यंत तिला नकाशाच म्हणत राहिल्या. हे गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मुलगा नागपूरला बोलावतो. मी जाते, चार दिवस राहते. पण मार्गशीर्षात कुठं हलत नाही. म्हातारीचं घर तिच्या लेकानं आम्हालाच राहायला दिलं, आणि मी त्याचा तो झरोका बुजवू दिला नाही.

यंदा गुडघे धरले. देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. सप्ताह बसला त्या दिवशी काकूंची नातसून वनिता पळत आली. आरोग्य केंद्रात नवीन नर्स आलीय, नंदुरबारकडची, एकटी राहते. कुणी न सांगता खांबाशी बसली म्हणे.

मी लाल-निळी गोधडी वनिताच्या हातात दिली.

काल वनिता पुन्हा आली. "आजी, पोरगी तीन दिवस मान खाली घालून बसून राह्यली वो. रडवेली झाली. सांगू का तिले?"

"नोको सांगू," मी म्हटलं.

आता चार वाजले आहेत. बुवा कथेत शिरले आहेत. आताचे बुवा तरुण आहेत, पण थांबतात मात्र तिथंच, जिथं थांबायला हवं. हे बघा, थांबले. पेटीचा सूर एकटाच लांबत चालला आहे. मी झरोक्याशी कान लावून बसले आहे. दुपारचं ताट अजून झाकलेलंच आहे.